जावयाने सांगायची वाट

१० फेब्रुवारी

ही डायरी पेट्रोल पंपवाल्याने नव्या वर्षाची म्हणून दिली होती. व्हॅनचं तेल कधी बदललं, टायर कधी बदलले, एवढंच लिहीन असं ठरवलं होतं. आज लिहायला भलतंच निघालं. मी चोमकाकांना चुकीच्या वाटेला लावलं.

चोमकाका म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि गावचा सगळ्यांत जुना जावई. आपल्या सोंग जमातीत माणूस गेला की त्याच्या उशाशी बसून मूळ गावाची, मुआंग थेंगची वाट सांगावी लागते. एकेका मुक्कामाचं नाव घेत त्याला पोहोचवायचं. ते काम जावयाचं. मुलगा रडतो, सून रडते, जावयाने रडायचं नाही, त्याने रस्ता सांगायचा. माझ्या आठवणीत गावातल्या प्रत्येकाला काकांनीच पोहोचवलं. काकांना स्वतःला मुलगी नाही, त्यामुळे जावई नाही. मग मेहुणीचा जावई पुढे आला, म्हणजे मी.

मी रोज बँकॉकची व्हॅन चालवतो. "थवीनला रस्ता काय शिकवायचा?" असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो. म्हणून शिकायचं राहून गेलं. काका तरी कुठे जायच्या घाईत होते? परवापर्यंत बांबू तोडत होते, आणि काल गेले.

उशाशी बसलो. आधी घरातून बाहेर काढायचं असतं. चूल, जिना, अंगण, गावाबाहेरची ताडाची झाडं, इथवर झकास जमलं. मोठ्या रस्त्याला लागलो आणि जीभ आपल्या रोजच्या वळणावर गेली. पाक थो, मिठागरं, मोठा पूल, आणि थेट बँकॉकचा दक्षिण बस स्टँड. तिथे मी रोज उतारू उतरवतो आणि बर्फाची कॉफी पितो. त्यापुढे मला काही ठाऊक नाही. सगळं गाव समोर बसलेलं. शेवटी म्हणालो, "काका, इथून पुढे विचारत विचारत जा."

वाट सांगताना मध्ये कुणी बोलायचं नसतं, नाहीतर गेलेला माघारी फिरतो. म्हणून कुणी बोललं नाही. नंतर मात्र सगळ्यांनी कसर भरून काढली.

१३ फेब्रुवारी

आज चार उतारू घेऊन निघालो. त्यातला एक म्हणाला, "थवीन, जिवंत आहे रे मी, स्टँडच्या पुढेही सोड."

१९ फेब्रुवारी

पेंगमावशींना, म्हणजे काकांच्या बायकोला, स्वप्न पडलं. काका बस स्टँडवर फलाटाच्या कडेला टोपली घेऊन बसलेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे तंबाखू मागतायत. कुणी देत नाही.

मावशींनी केस मोकळे सोडलेत, विधवेने सोडायचे तसे. त्या अवतारात सकाळी सकाळी आमच्या जिन्याशी येऊन उभ्या राहिल्या. "लग्नानंतर हा माणूस कधी बँकॉकला गेला नाही," त्या मला म्हणाल्या. "आमच्यातला कुणीच त्या वाटेने जात नाही. आपल्या वाडवडलांना मुआंग थेंगहून पकडून राजाच्या शिपायांनी हाकत आणलं ते त्याच शहरातून. आणि तू त्याला तिथे नेऊन बसवलास."

मी मान खाली घातली.

सासूबाई ओसरीवर विडा लावत होत्या. त्या म्हणाल्या, "मी आता मरायचं रद्द केलंय. जावईबापू शिकेपर्यंत बसून राहते. मला काय घाई आहे? पण बापू, तुम्ही फार वेळ लावू नका."

सगळे हसले. मीही हसलो.

२३ फेब्रुवारी

सासूबाईंना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन आणलं. त्यांना हल्ली जेवण जात नाही, आंबट कोंबांची आमटीसुद्धा दोन घास खाऊन सारतात. माझी बायको लमय आत गेली होती आईबरोबर. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल. म्हणाली, आत एसी फार होता. काय झालंय विचारलं तर सासूबाईच म्हणाल्या, "गॅस." मग मी दोघींना ताडगुळाची खीर खाऊ घातली. सासूबाईंनी आपली वाटी लमयकडे सरकवली.

२६ फेब्रुवारी

मावशी, सासूबाई आणि लमय यांची बैठक झाली. मला निकाल कळवण्यात आला. काकांना स्टँडवरून उचलायचं, व्हॅनमध्ये घालायचं आणि खऱ्या वाटेने खोंग नदीपर्यंत नेऊन सोडायचं. नदीपलीकडे देश दुसरा. सासूबाईंकडे पासपोर्ट नाही. काकांना लागत नाही.

"खरी वाट कुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. बायकांनी ती वाट तोंडाने उच्चारायची नाही, असा आपल्यात कडक नियम आहे. मग मी लमयला म्हटलं, आईंना कशाला ओढत न्यायचं, तब्येत बरी नाही. मी आणि मावशी जाऊन येतो.

"अहो, आईला न्याच," ती म्हणाली. इतक्या जोरात म्हणाली की मी लगेच हो म्हटलं.

२ मार्च

आजचा दिवस जन्मभर पुरेल.

दक्षिण बस स्टँडवर भर गर्दीत पेंगमावशी काकांचा सदरा एका हातात आणि मासे धरायचं हातजाळं दुसऱ्या हातात घेऊन फलाटावर हिंडत होत्या. भरकटलेल्याला बोलवायची हीच रीत. जाळं हवेत फिरवायचं आणि हाक मारायची. "चला हो, चला. इथे कशाला बसलात? या थवीनचं डोकं फिरलं होतं. चला, गाडी आली."

सुरक्षा रक्षक आला. "आजी, इथे मासे मिळत नाहीत."

"मासे नको, नवरा हवाय," मावशी म्हणाल्या.

तो त्यांच्या काळ्या लुगड्याकडे आणि सासूबाईंच्या मोठ्या अंबाड्याकडे बघत राहिला. "तुम्ही लाओ का?"

"लाओ तू म्हणतोस, तुझा बाप म्हणायचा. आम्ही सोंग. तुमच्या शिपायांनी आणलं म्हणून आलो, नाहीतर तुझा हा फलाट बघायला कोण येतंय?" मावशी म्हणाल्या.

आता भांडण होणार म्हणून मी पुढे सरकलो. पण तो पोरगा कान खाजवत म्हणाला की त्याची आजीही असंच काहीतरी म्हणायची, तो ईशान्येकडचा आहे, तिकडचेही लोक कुठून कुठून आणलेले. मग त्याने एक कोपरा दाखवला. तिथे म्हातारे लोक बसतात, म्हणाला. मावशींनी तिथे जाळं फिरवलं आणि एकदम थांबल्या. जाळं जड झालं, असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर मलाही ते जरा खाली गेल्यासारखं दिसलं.

रक्षकाने सदऱ्याच्या खिशात चिमूटभर तंबाखू घातली. पुढच्या सीटवर सदरा ठेवला. मावशींनी हट्ट धरला म्हणून त्याला पट्टाही बांधला.

३ मार्च

खाव योयला, आमच्या गावी, परत येऊन ताडांपासून पुन्हा निघालो. वाट मोडायची नसते म्हणे. मी म्हटलं, मोठ्या रस्त्याने गेलो तर उद्या दुपारी नदीवर. सासूबाई म्हणाल्या, "मोठा रस्ता मला लागतो. आतल्या रस्त्याने घ्या."

आतल्या रस्त्याने घेतलं. तासाभरात, "बापू, थांबवा. पाय आखडले." थांबलो. दोन ताल नावाचं गाव, दोन जुने ताड, बाकी भातखाचरं. सासूबाई ताडाखाली दहा पावलं चालल्या आणि परत येऊन बसल्या. "कुठे थांबलो?" त्यांनी विचारलं. "दोन तालला," मी म्हटलं. "बरं."

पुढे नाखोन पथोमच्या बाजूला एका विहिरीपाशी तहान लागली. बाटलीतलं थंड पाणी दिलं तर नको, विहिरीचंच हवं. प्यायल्या आणि तोंड वाकडं केलं, "कडू आहे." मग कशाला हवं होतं? मावशी पदराआड हसत होत्या. या दोघींना एकत्र प्रवासाला नेणं म्हणजे डोक्याला ताप आहे.

४ मार्च

सुफानबुरीत सासूबाईंचा विडा संपला. वाटेत किती दुकानं गेली, पण त्यांना पान हवं ते चिंचेच्या बनाजवळच्या घरातलंच. त्या घरात कोण राहतं त्यांना माहीत नव्हतं. मी लाजत लाजत हाक मारली. जिन्यावर एक बाई आली, आमच्यासारखीच काळ्यावर पांढऱ्या रेघांचं लुगडं नेसलेली. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "कुळ कोणतं?" सासूबाई म्हणाल्या, "सिंग लो." झालं, पान राहिलं बाजूला, जेवायलाच बसवलं. चिकट भात, भाजलेला मासा, मिरचीची चटणी. सासूबाईंनी भाताची एक गोळी करून हातात धरून ठेवली आणि निघताना ती चिंचेखाली ठेवली.

मी त्या घरच्या यजमानाला बाजूला घेतलं. तेही जावई माणूस. म्हटलं, तुम्ही वाट सांगता, मला जरा सांगा ना.

"नदीपर्यंतची वाट ज्याच्या त्याच्या गावची वेगळी," ते म्हणाले. "आमची तुमच्या कामाची नाही. तुमच्या घरी कुणाला तरी विचारा."

"घरी माहीत असलेला पुढच्या सीटवर बसलाय. पट्टा बांधून."

त्यांनी व्हॅनकडे पाहिलं. काचेतून सासूबाई बाहेर बघत होत्या. यजमान हसायलाच लागले. माझी अशी थट्टा आता जिल्ह्याबाहेरही होऊ लागली आहे.

५ मार्च

नाखोन सवानला दोन नद्या मिळतात तिथे सासूबाईंना पाय धुवायचे होते. धुतले. बस.

६ मार्च

फित्सनुलोकच्या अलीकडे बांग राकामच्या एका आडगावात दुपारी त्यांना झोप आली. व्हॅनमध्ये सीट मागे करून दिली तर म्हणाल्या, त्या समोरच्या घराच्या ओसरीवर पडते. आता मी विचारणंच सोडलंय. तेही सोंगांचंच घर निघालं. म्हातारीला बघून त्यांनी चटई टाकली.

त्या घरचे आजोबा माझ्याशी बोलत बसले. मी विचारलं, तुम्ही इतक्या वर इथे कसे?

"तुमच्याच तिकडून निघालो होतो," ते म्हणाले. "घरी जायला. पणजोबांच्या वेळी परवानगी मिळाली, तेव्हा कावडी उचलून सगळे चालायला लागले. मुआंग थेंगला. वाटेत कुणाची आजी दमायची, कुणाचा आजोबा. म्हातारं माणूस गेलं की त्याला सोडून पुढे कसं जाणार? तिथेच मुक्काम. पुढच्या वर्षी निघू म्हणायचे. तेवढ्यात भात पेरलेला असायचा."

म्हणजे ही सगळी गावं म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांनी वसवली. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. दोन ताल, चिंचेचं बन, सगळीकडे कुणीतरी दमलेलं.

सासूबाई ओसरीवरून डोळे मिटूनच म्हणाल्या, "आपल्या लोकांना घरं दोनच. एक निघालो ते आणि एक दमलो ते."

मला वाटलं झोपल्यात.

७ मार्च

लोईचे डोंगर. उकडून जीव चाललाय आणि सासूबाई म्हणतात थंडी वाजते. पिशवीतून 'ही' नावाचा सदरा काढला. म्हातारपणी घालायचा तो लांब काळा सदरा, सगळ्यांचा असतो तसाच. बाहेरून साधा, आतून रेशमी तुकड्यांची नक्षी. जिवंतपणी साधी बाजू बाहेर आणि गेल्यावर उलटा करून अंगावर घालायचा. प्रवासाला कुणी तो घेऊन येतं का? मी तसं म्हटलं. "ऊबदार आहे," त्या म्हणाल्या. खिंडीच्या माथ्यावर तो अंगावर ओढून बसल्या, मग म्हणाल्या, "चला."

इथल्या गावात एक गोरेपान म्हातारे जावई भेटले. त्यांनी माझ्याकडून नदीपलीकडची वाट चक्क बसवून पाठ करून घेतली. "नदीच्या अलीकडे ज्याची त्याची," ते म्हणाले, "पलीकडे सगळ्यांची एकच." मी तीनदा चुकल्यावर त्यांनी विचारलं, चोमकडे कधी शिकायला का नाही गेलास? "वाटलं, रस्ताच तर आहे," मी म्हटलं.

८ मार्च

चियांग खान. काकांना सोडलं.

केळीच्या सोपाचा तराफा केला, त्यावर सदरा. मावशींनी सांगितलं की काकांना ताडांपासूनची वाट मी पुन्हा पहिल्यापासून सांगावी. मला घाम फुटला. पण व्हॅनने आलोच होतो, जिथे जिथे थांबलो ती नावं घेतली आणि नदीपाशी आलो. मग पलीकडची, लोईच्या म्हाताऱ्या जावयांनी शिकवलेली. दोघी बहिणी नदीकडे तोंड करून उभ्या.

"जा आता," शेवटी मावशी म्हणाल्या. "तंबाखू तिकडेच माग. आणि परत कुणा ड्रायव्हरचं ऐकू नकोस."

सदरा वळसा घेऊन गेला. मावशी तिथेच बसून खूप रडल्या आणि मग म्हणाल्या की भूक लागली. मासे फार चांगले मिळाले.

सासूबाईंनी मात्र पलीकडच्या काठाकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं पाण्यात उतरतात की काय. मी हात धरला. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "गाडी बरी चालवता."

लग्न झाल्यापासूनची ही पहिली स्तुती. लिहून ठेवतो.

२९ मार्च

मावशींना स्वप्न पडत नाही. गावाने मला माफ केलं. फक्त पानवाला अजून "दक्षिण बस स्टँड" म्हणून हाक मारतो.

१६ एप्रिल

नव्या वर्षाच्या पाण्याचा सण. अंगणात पोरीबाळी चेंडू झेलायला जमल्या. सासूबाईंना खुर्चीवर बसवून आणलं. त्या आता हलक्या झाल्यात, मी एकट्याने उचलतो. डॉक्टर घरी येऊन गेला. गॅसला इतकी औषधं लागतात हे मला नवीन आहे.

२१ एप्रिल

सासूबाईंची आठवण दगा देऊ लागली आहे. प्रवासाचं तेच तेच विचारतात.

"मी पाय कुठे मोकळे केले?"

"दोन तालला."

"मग?"

"मग विहिरीचं पाणी प्यायलात आणि कडू म्हणून मलाच बोललात."

"पान?"

"चिंचेच्या बनात. पाय धुतलेत दोन नद्यांपाशी. झोपलात बांग राकामच्या ओसरीवर. सदरा चढवलात लोईच्या खिंडीत."

"आणि?"

"आणि नदी."

मग बरं म्हणून डोळे मिटतात. संध्याकाळी पुन्हा तेच. माझी तक्रार नाही. आईंचा वेळ जातो, मलाही बरं वाटतं. मध्येच एखादं ठिकाण मी गाळलं तर त्या पायाने माझ्या गुडघ्याला ढोसतात. तेवढी ताकद आहे अजून.

३ मे

लमयने सांगितलं, तो गॅस नव्हता, आई यातून उठणार नाहीत. फेब्रुवारीपासून तिला माहीत होतं. आईंनी शपथ घातली होती की मला सांगायचं नाही, नाहीतर मी गाडी हळू चालवीन.

मी तिच्यावर रागावलो. मग आत जाऊन आईंच्या पायाशी बसलो. त्यांनी डोळे उघडले. "पाणी कसं होतं?" "कडू," मी म्हटलं.

९ मे

आई गेल्या. पहाटे, लमयच्या मांडीवर.

१० मे

वाट सांगितली.

तो 'ही' सदरा उलटा करून आईंच्या अंगावर घातला होता. आतलं रेशीम मी पहिल्यांदा नीट पाहिलं. लाल, पिवळं, हिरवं. त्यातले काही तुकडे अगदी नवे होते. मार्चनंतर लावलेले, असं लमय म्हणाली.

सगळं गाव बसलेलं, फेब्रुवारीत होतं तसंच. पानवालाही. घरातून बाहेर काढलं, चूल, जिना, अंगण, ताड. मोठ्या रस्त्याशी आलो आणि जीभ पुन्हा पाक थोकडे ओढायला लागली. दातांनी दाबून धरली. मग म्हणालो, "आई, इथे तुमचे पाय आखडतील, दोन तालला उतरा, दोन ताडांखाली चाला."

तिथून थांबलो नाही. विहिरीशी म्हणालो, पाणी कडू आहे, पण प्या. चिंचेच्या बनात पान घ्यायला लावलं, कुळ विचारतील, सिंग लो सांगा. दोन नद्यांपाशी पाय धुतले. बांग राकामच्या ओसरीवर निजवलं, उठवलं. खिंडीत सदरा नीट ओढून घेतला. नदीवर म्हणालो, पासपोर्ट लागत नाही, चला. पलीकडची वाट सगळ्यांची, ती लोईच्या म्हाताऱ्या जावयांनी पाठ करून घेतली होती तशीच. शेवटी भाताची खाचरं, डोंगरांच्या मधली, मुआंग थेंग. "आलं, आई. सावकाश उतरा."

कुणी बोललं नाही. बोलायचं नसतंच. पण सगळं झाल्यावरही कुणी बोललं नाही, तेव्हा मला वाटलं पुन्हा काहीतरी चुकलं.

पेंगमावशी उठून आल्या. "हीच," त्या म्हणाल्या. "चोम सांगायचा ती. एकही मुक्काम सुटला नाही."

"पण काकांनी मला कधी शिकवली नाही. मी तर फक्त आई जिथे जिथे..."

स्टँडवर त्या रक्षकाला सुनावलं होतं तसंच मावशींनी मला सुनावलं. "जन्मभर प्रत्येक मढ्यामागे बसून ऐकलेली वाट आहे ती, आमच्या दोघींची. बायकांनी तोंडाने सांगायची नाही एवढाच नियम आहे. पाय आखडायला कुणाची बंदी नाही."

मी अंगणात उभ्या असलेल्या व्हॅनकडे गेलो. मागच्या सीटवर आईंच्या विड्याचा लाल डाग आहे, मार्चपासून मी पुसू म्हणतोय. दार उघडून तिथेच बसलो आणि रडलो. जावयाने रडायचं नसतं, पण वाट सांगून झाली होती.